शून्यापासून मोजावे

नंदुरबार, जानेवारी. पथारीवर मिरची पसरलेली
आणि मी खिडकीशी बसून लिहितोय:
आधी दोन आडव्या रेघा, त्यांना चिकटून 'पिन',
मग बरोबरचं चिन्ह, मग कोअरचे क्रमांक.
मध्ये जागा सोडू नये.
स्वल्पविराम चालतो. शून्य ते तीन असा पल्लाही चालतो.

एवढ्यात शिंक.
टेबलाखालच्या डब्याचा पंखासुद्धा
तिखट ओढून घेतो आत.
महिन्यातून एकदा ब्रशने झाडतो त्याला,
लाल भुकटी निघते,
एका वरणाला पुरेल एवढी.

हा पर्याय दिला नाही तर काय होते?
तर ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते.
थ्रेड आत्ता पाचवर,
पापणी लवायच्या आत दोनवर,
मग सहावर, कोणाला न विचारता.
दर वेळी हाताशी जमवलेलं
जुन्या जागी राहून जातं.
हे शेवटचं वाक्य मी चारदा खोडलं.
नियमावलीत 'राहून जातं' असं लिहीत नाहीत.

सुपडाबाई फोन चार्जिंगला लावायला वर येते.
खाली साठ बाया तिच्या हाताखाली, देठ खुडणाऱ्या.
"काय लिखी ऱ्हायना भाऊ?"
कोणी कुठं बसायचं, ते.
"आन मोजस कसा?"
शून्यापासून.
"शून्यवर कोन बसस मंग?"
मी सांगतो, तिथं यंत्राचा स्वतःचा कारभार चालतो,
कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क,
ज्याला त्याला हाक मारायची ती तिथंच,
म्हणून तो कामाला लावू नये, मोकळा सोडावा.
"म्हंजे मन्ही जागा," ती म्हणते,
आणि खालून तिला कोणीतरी हाक मारतंच.

जाता जाता स्क्रीनवर बोट ठेवते. हे आठ काय?
आठ क्रमांक, पण कोअर चारच.
शून्य आणि चार ही एकाच जागेची दोन नावं.
"एक पोतावर दोन बाया बसाड्या
तर खुडनं दुप्पट व्हत नही.
बोलनं व्हस."
मी तिच्यामागे लगेच टाइप केलं:
एकाच कोअरच्या जोड-क्रमांकांवर दोन थ्रेड ठेवल्यास
वेग दुप्पट होत नाही.
बोलण्याचं गाळलं. गाळायला नको होतं.

मागच्या आवृत्तीत एक ओळ माझ्याकडून राहिली होती.
कुठल्याशा गावी कोणी रात्रभरासाठी
एकाच प्रोग्रॅमच्या दोन प्रती लावल्या,
दोघींना शून्य ते तीन.
सकाळी अर्धंच काम झालेलं, उरलेले कोअर थंडगार.
त्यानं तीनच ओळी लिहिल्या, फार सभ्य.
चूक प्रोग्रॅमची नव्हती, माझ्या पानाची होती.
आज ती ओळ घालतो, ठळक अक्षरात:
जागा भरली आहे हे दुसऱ्या प्रतीला कोणी सांगत नाही.
तुम्हीच सांगावे.

चार वाजता खिडकीतून दिसतं,
तिसऱ्या रांगेत एक पोतं रिकामं.
शेजारी बाभळीला झोळी, तीही रिकामी,
वाऱ्यानं थोडी हलते.
सुपडाबाईनं तिथं दुसरीला बसवलेलं नाही,
आणि मुनीम तर दोनदा सांगून गेला.
फोन न्यायला आली तेव्हा विचारलं.
"ई ती. तिन्ही झोळी तठेच बांधेल शे."
आणि नाही आली तर?
तिनं फोन कानाशी लावून बघितला, बोलली नाही.
मिरची संपली की निम्म्या बाया
बारडोलीकडे जातात, ऊसतोडीला.
कोण कधी निघतं, हे तिच्याही वहीत नसतं.

पाचव्यांदा लिहिलं:
थ्रेड पुन्हा त्याच कोअरवर आला,
तर त्याचं बरंचसं सामान तिथं सापडण्याची शक्यता असते.
तपासणारा 'सामान' बदलेल, 'डेटा' करेल.
'शक्यता' मात्र
मी त्याला काढू देणार नाही.